फेल्टच्या हॉटेलातलं कच्चं लिंबू

चादरताई हे त्यांचं खरं नाव नव्हे. हॉस्पिटलात कपडे शिवायची आणि सांभाळायची एक खोली असते. तिथे त्यांनी उभा जन्म मशीन चालवलं. चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनचे डगले, दोन खाटांच्या मधले पडदे. "चादरताई, चादर द्या", "चादरताई, चादर फाटली" असं करत करत नर्सेसनी नाव पाडलं, आणि नोकरी संपल्यावर ते त्यांच्या मागोमाग आमच्या इमारतीपर्यंत आलं. त्या तळमजल्यावर राहतात, मी बरोबर त्यांच्या वरच्या मजल्यावर. त्यांचं मशीन सुरू झालं की माझ्या पायाखालची फरशी गुणगुणते.

त्यांच्या शिवणात दोन गोष्टी कधी आल्या नाहीत, एक रंग आणि दुसरं वळण. सगळं पांढरं आणि सगळं सरळ. त्या मला म्हणायच्या, "वहिनी, मी घातलेली शिवण टोकाला टोक जोडून पसरली ना, तर माणूस तिच्यावरून पार समुद्रापर्यंत चालत जाईल. आणि एकदाही वळणार नाही." स्वभावही त्याच मापाचा. चहा पाणचट झाला की "पाणचट झालाय" म्हणणार आणि तरी संपवणार. आमचे हे गेले तेव्हा भेटायला आलेल्या प्रत्येकाने मला काही ना काही समजावलं. चादरताईंनी माझ्या पलंगावरची चादर बदलली, चारही कोपरे घट्ट खोचले आणि म्हणाल्या, "आता झोपा." मी झोपले.

त्यांचा मुलगा बसच्या गॅरेजात मेकॅनिक आहे. याचं लग्न आता काही होत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकल्यावर त्याने ते केलं. सून औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. शांत, हसऱ्या चेहऱ्याची. तिचा पहिला नवरा फार लवकर गेला, आणि त्याची पाच वर्षांची मुलगी तिच्या पदरात होती.

"एका तिकिटात दोघी आल्या," चादरताई मला म्हणाल्या. "सूनही आली आणि नातही आली."

नात लहानखुरी, काळेभोर डोळे, हातात सतत काहीतरी धरून इकडून तिकडे नेणारी. मुलाने पहिल्याच आठवड्यात तिचं नाव मुंगी ठेवलं आणि तिलाही ते आवडलं. मुंगी त्याला काका म्हणे, अंगावर चढे, त्याच्या पाठीवर बसून "बस सुटली" म्हणून ओरडे. पण चादरताईंशी तिचं फार सभ्य चाले. त्यांना ती "अहो" म्हणे. काकाकडे जाऊन सांगे, "तुमची आई जेवायला बोलावतेय."

"अगं, तुमची आई काय? आजी म्हण," सून म्हणाली.

मुंगीने जरा विचार केला. "आजी आहे मला एक."

यात खोटं काहीच नव्हतं. सुनेची आई दुसऱ्या गावी होती आणि रोज फोनवर मुंगीला गोष्ट सांगत होती. एक असताना आणखी एक कशाला, हा प्रश्न कुठल्याही सुज्ञ माणसाला पडला असता.

चादरताई त्या दिवशी वर आल्या आणि माझ्या खुर्चीत बसून राहिल्या. चहा कसा झालाय तेही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मला ना वहिनी, या वयात कुणाकडून काही नको. पेन्शन आहे, गुडघे ठीक आहेत. फक्त या पोरीने मला आजी म्हणावं. आणि तू म्हणावं. अहो-जाहो हॉस्पिटलात रग्गड झालं."

"म्हणेल हो. मुलं आपल्या वेळेने येतात."

"माझी वेळ काय तिच्याएवढी आहे का?" त्या म्हणाल्या.

मुलाने मुंगीसाठी एक स्वयंपाकघर केलं होतं. जुन्या, दार निखळलेल्या कपाटाचं. वर शेगडीची काळी वर्तुळं रंगवलेली, बरण्यांच्या झाकणांची बटणं, गॅरेजातल्या वाकड्या पाइपाचा नळ, खाली पाव भाजायची भट्टी आणि बाजूला फ्रिज. भट्टीच्या दाराला त्याने लावलेली स्प्रिंग इतकी जोरकस होती की दार बसच्या दारासारखं धाडकन मिटे. मुंगी पाहून नाचली. मग तिने फ्रिज उघडला, आत पाहिलं, हळूच बंद केला.

"रिकामं आहे," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

"प्लॅस्टिकच्या भाज्या मिळतात की, येताना आणते," सून म्हणाली.

"प्लॅस्टिक कशाला?" चादरताई म्हणाल्या. "मी काय मेलेय?"

अशी सुरुवात झाली. टोप्या आणि घरात घालायच्या सपाता करणाऱ्यांना माल देणारं एक दुकान बाजारामागच्या गल्लीत आहे. तिथून त्यांनी फेल्ट आणलं. फेल्ट म्हणजे विणलेलं कापड नव्हे. लोकर दाबून दाबून केलेला जाड, मऊ तक्ता. लाल, नारिंगी, पिवळा, पोपटी. सगळे तुकडे त्यांनी माझ्या टेबलावर पसरले आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. पोपटी तुकडा उचलून त्यांनी गालाला लावला. "बघा वहिनी, काय आहे हा! आणि मी आयुष्यभर बिछाने शिवत बसले."

पहिला टोमॅटो चौकोनी झाला. त्या रात्रीच्या माझ्या रोजनिशीत "टोमॅटो चौकोनी" एवढे दोनच शब्द आहेत, कारण हसून हसून मला पुढे लिहवेना. त्यांनी दोन तुकडे कापले, कडा आत दुमडल्या, चारी बाजूंनी मशीन मारलं, आत जुन्या उशीचा कापूस भरला आणि वर हिरवा देठ लावला.

"चादरताई, ही उशी आहे," मी म्हणाले.

"मला उशीच येते हो!" त्या म्हणाल्या, आणि आम्ही दोघी टेबलाला धरून हसलो.

माझ्या कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला सिस्टर शिवण शिकवायच्या. फार कडक. टाका वाकडा गेला की न बोलता उसवून हातात परत द्यायच्या. त्यांनी शिकवलेली एक गोष्ट मला अजून लख्ख आठवत होती. गोल वस्तू गोल कापडातून होत नाही, पाकळ्यांतून होते. मी एक संत्रं आणलं, साल उभी चिरली आणि फुलासारखी उघडून टेबलावर ठेवली. चादरताई सालीकडे बघत राहिल्या. मग तिच्यावर कागद ठेवून एक पाकळी आखली, तशाच आणखी कापल्या आणि हाताने जोडायला बसल्या.

फेल्टचे दोरे सुटत नाहीत, म्हणून कड दुमडावी लागत नाही. वरूनच काजटाका घालायचा, तो दिसतोही छान. पण हे काही त्यांच्या गळी उतरेना.

"कड उघडी ठेवायची? लोक काय म्हणतील?"

"टोमॅटोला कोण काय म्हणणार?"

"तुम्ही कॉन्व्हेंटवाल्या, तुम्हाला काही वाटत नाही," म्हणत त्यांनी डोळे मिटल्यासारखं करून पहिला उघडा टाका घातला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या तळहातावर एक गोल, टपोरा, लालबुंद टोमॅटो होता. त्यांनी तो माझ्या टेबलावरून घरंगळवला. तो टोकापर्यंत गेला आणि खाली पडून आणखी घरंगळला. चादरताई त्याच्यामागे चक्क धावल्या.

मग त्या आवरेनात. गाजर शंकूसारखं, वर हिरव्या झिरमिळ्या. मटाराची शेंग, तिला आत बटण आणि उघडली की हिरवे मणी. पावाच्या चकत्या, पांढऱ्या, तपकिरी कडेच्या. अंडं तर इतकं झकास की मुलाने घाईत खरंच उचलून ताटात घेतलं. पांढरा डबक्यासारखा आकार आणि मधोमध फुगीर पिवळा बलक. एक मासा, शर्टाच्या बटणाचा डोळा, आणि प्रत्येक खवला वेगळा शिवलेला. कोबीच्या पानांच्या कडा त्यांनी बोटांनी ताणून ताणून लाटांसारख्या केल्या. "सरळ कड मुद्दाम बिघडवायची, आणि त्याचं कौतुक व्हायचं," त्या म्हणाल्या. "हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर!"

एक सवय मात्र सुटली नाही. हॉस्पिटलात प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यात लाल दोऱ्याचे चार टाके घालत, कोणत्या वॉर्डाचा ते कळावं म्हणून. चादरताईंचा हात शिवण संपली की आपोआप लाल दोऱ्याकडे जाई. गाजर, पाव, मासा, सगळ्यांच्या बुडाशी चार लाल टाके.

त्यांनी टोपली मुंगीपुढे ठेवली तेव्हा मी तिथेच होते. मुंगीने एकेक वस्तू उचलून, उलटीपालटी करून पाहिली. गाजरावर ती थांबली.

"याला लागलंय," ती म्हणाली.

चादरताईंना आधी कळेना. मग त्या अगदी गंभीरपणे म्हणाल्या, "हो. पण टाके घातलेत. आता बरं आहे."

मुंगीने गाजराला फुंकर घातली आणि फ्रिजमध्ये झोपवलं. मग तिने पहिल्यांदाच चादरताईंकडे नीट, वेळ घेऊन पाहिलं. मला वाटलं, झालं. आता म्हणणार.

"तुम्ही छान करता हो," मुंगी म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून हॉटेल सुरू झालं. मालकीण अर्थात मुंगी. सून गिऱ्हाईक, काका वेटर, मी "रोज येणाऱ्या बाई". आणि मालकिणीने चादरताईंना जागा दिली ती अशी: "तुम्ही कच्चं लिंबू."

अंगणात मोठी मुलं पळापळी खेळतात तेव्हा ती मुंगीला कच्चं लिंबू करतात. म्हणजे खेळायचं, पण धरलं तरी बाद नाही. असून नसल्यासारखं. तिथून ती हा शब्द घेऊन आली होती, आणि तो तिने चांगल्या मनाने दिला होता. घरात नव्या माणसाला सांभाळून घ्यावं, तसा.

"आई, निदान पिकून तरी दाखव," मुलगा हसत म्हणाला.

चादरताईही हसल्या. पण त्यांना ते लागलं हे मला जिन्यातल्या पावलांवरूनच कळलं.

"काका मासा सांडतो तर त्याला ओरडते," त्या वर येऊन म्हणाल्या. "आईला म्हणते, उष्टं टाकू नको. मी अंड्याच्या जागी कोबी नेऊन दिला, मुद्दाम हो, बघावं म्हणून. तर म्हणते कशी, असू द्या, तुम्ही कच्चं लिंबू आहात ना. इतकी गोड बोलली वहिनी, की मला रडू आलं. पाहुण्याशी बोलतात तसं बोलते माझ्याशी."

"मग पाहुण्यासारखं वागू नका."

"म्हणजे कसं वागू? भांडू पोरीशी?"

त्यांनी खाली जाऊन एक लिंबू शिवलं. पिवळंधमक, दोन्ही टोकं नीट काढलेलं, आणि मालकिणीला नेऊन दिलं. मालकिणीने "थँक्यू हं" म्हणून ते घेतलं. बस्स.

थंडी पडली आणि मुंगीला ताप आला. साधाच, सर्दीचा. पण ती चार दिवस अंथरुणात होती आणि तिने सगळं हॉटेल अंथरुणात घेतलं होतं. पाव उशाला, मासा कुशीत. त्यांच्यावर शिंकली, खोकली, औषध सांडलं. ताप उतरला त्या दिवशी दुपारी ती गाढ झोपली असताना चादरताईंनी तिच्या अंगावरची चादर बदलली, तिच्या बाजूचं सगळं गोळा केलं, आणि जे जन्मभर पाहिलं तेच केलं. हॉस्पिटलात एकच नियम होता, आजाऱ्याचं ते उकळायचं. सगळ्यात मोठ्या पातेल्यात पाणी खळखळवलं, साबण टाकला, फेल्टच्या सगळ्या वस्तू त्यात सोडल्या आणि काठीने चांगल्या ढवळल्या.

आता त्यांचा जन्म सुती कापडात गेलेला. लोकरीची ब्लँकेटं बाहेरच्या धुलाईत जायची, ती त्यांच्या हाताखालून कधी गेलीच नाहीत. लोकर उकळत्या पाण्यात ढवळली की काय होतं, हे त्यांना ठाऊक असायचं कारण नव्हतं.

ओल्या मेंढीसारखा वास माझ्यापर्यंत आला, आणि पाठोपाठ हाक आली. "वहिनी! खाली या!"

मी गेले. चादरताई पातेल्याशी उभ्या होत्या, हातात काठी, चेहरा पांढराफटक. परातीत टोमॅटो होता, बोराएवढा. गाजराचा खिळा झाला होता. पावाच्या चकत्या बिस्किटांएवढ्या, कोबी फुलाएवढा, टोमॅटोचा रंग लागून अंडं गुलाबी. मासा करंगळीएवढा आणि बटणाचा डोळा मात्र तेवढाच, त्यामुळे त्याला स्वतःलाच केवढा तरी धक्का बसल्यासारखा दिसत होता.

मुलगा कामावरून आला, परातीत डोकावला. "काय गं आई, भाजीची तंगी आहे का?" मग त्याला आईचा चेहरा दिसला. "अगं, एवढं काय. पुन्हा कर. ती उठायच्या आत मी सगळं उचलून ठेवतो. हरवलं म्हणून सांगू."

"खोटं नाही सांगायचं," चादरताई म्हणाल्या. "जे आहे ते मी नेते." आणि मग माझ्याकडे वळून हळूच, "संपलं वहिनी. आता कसली आजी."

सूनही आली. मुंगी उठून बसली होती, केस विस्कटलेले, गाल अजून लाल. चादरताईंनी परात तिच्या मांडीवर ठेवली आणि सरळ उभ्या राहिल्या.

मुंगीने मासा उचलला. तिचा खालचा ओठ पुढे आला.

"माझा मासा," ती म्हणाली. "कुणी केलं?"

"मी. गरम पाण्यात धुतलं. आटलं सगळं."

"मला विचारलंस?"

खोलीत आम्ही सगळे होतो, पण ती "विचारलंत" नाही, "विचारलंस" म्हणाली हे बहुधा मी आणि चादरताई, दोघींनीच ऐकलं.

"नाही विचारलं."

"असं करतं का कुणी? हॉटेल माझं आहे ना? सगळं वाया घालवलंस तू! आता गिऱ्हाइकांना काय देऊ?"

"मुंगे! मोठ्यांशी असं बोलतात?" सून म्हणाली.

चादरताईंनी हात वर केला. "बोलू दे तिला."

मुलाला वाटलं आपण मध्ये पडून सावरावं. तो म्हणाला, "जाऊ दे गं. ती कच्चं लिंबू आहे ना? कच्च्या लिंबाचं चुकलं तर चालतं."

"नाहीये ती कच्चं लिंबू!" मुंगी अशी ओरडली की तिला खोकला आला. "कच्चं लिंबू लहान असतं. ती आज्जी आहे! तिला सगळं येतं!" आणि मासा चादरताईंच्या दिशेने रोखून, मालकिणीच्या आवाजात, "आज्जी, तुला कामावरून काढलं. जा!"

चादरताई गेल्या. वळल्या आणि ताठ पाठीने स्वयंपाकघरात गेल्या. सून घाबरून मागे, तिच्या मागे मी. त्या ओट्याशी उभ्या होत्या, तोंडात टॉवेलचा बोळा, खांदे गदगदा हलत होते.

"आई, अहो आई, लहान आहे ती, मनावर नका घेऊ," सून म्हणाली.

त्यांनी टॉवेल काढला. डोळ्यांतून पाणी आणि हसू मात्र कानापर्यंत. "काढलं मला!" त्या म्हणाल्या. "इतकी वर्षं नोकरी केली, एक मेमो नाही. आणि आज काढलं! ऐकलंत ना वहिनी? तू म्हणाली. आज्जी म्हणाली. दोनदा म्हणाली!"

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने विचारलं, "काय ताई, खुशीत?" तर म्हणाल्या, "नोकरी गेली." तो बिचारा गोंधळून दूध जास्त घालून गेला. जिन्यात भेटलेल्या प्रत्येकाला त्यांनी सांगितलं. दुपारी माझ्याकडे आल्या, ऐटीत खुर्चीत बसल्या. चहाचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "पाणचट आहे. पण आज चालेल."

खाली भट्टीचं दार धाडकन आपटलं. मुंगीला बरं वाटू लागलं होतं. रात्रीतून तिने ठरवलं होतं की एवढ्याएवढ्या वस्तू म्हणजे बाळांचं जेवण, आणि आता तिथे बाळांचं हॉटेल चालू होतं. भांडी वाजली. काहीतरी पडलं. मग जिन्याच्या तळातून बारीक, तार सप्तकातला आवाज वर आला.

"आज्जी! ए आज्जी! खाली ये गं! बाळांची केवढी गर्दी झालीय, मला एकटीला होत नाहीये!"

मी कप खाली ठेवला. "जा आता. परत कामावर घेतलंय."

चादरताई जागच्या हलल्या नाहीत. बशी मांडीवर धरून, मान जराशी कलती करून, दाराकडे कान लावून बसल्या होत्या.

"थांबा हो वहिनी," त्या म्हणाल्या. "आणखी एकदा हाक मारू दे."